पाठीवरचा गुलाल

फोनवर टूरवाल्या सम्राटनं किती जण म्हणून विचारलं आणि निशिगंधाबाईंच्या तोंडून सवयीनं "दोघं" निघून गेलं. विजयसिंहांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण जिभेला कोण सांगणार! पुन्हा फोन करून मी एकटीच आहे म्हणायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. एकटेपणाचं मेलं असंच असतं, सांगायचीसुद्धा लाज वाटते.

शाहूपुरीतनं गाडी सुटली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवली नाही.

दाजीपूरच्या जंगलात जीपसमोर गव्यांचा कळप आला. सगळे मोबाइल काढून उभे राहिले. कळपातला थोरला गवा मात्र निशिगंधाबाईंच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघत राहिला. मग फुरफुरला आणि तोंड न फिरवता एकेक पाऊल मागं सरकत झाडीत शिरला. गवा असा मागं जाताना आपण कधी बघितला नाही, असं ड्रायव्हर पुटपुटला.

नाश्त्याला सम्राटनं त्यांच्यापुढं मिसळीच्या दोन प्लेटी ठेवल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात काका हात धुवायला गेलेत, मी बघितलं, असं म्हणून तो पुढं गेलासुद्धा. निशिगंधाबाईंनी दचकून मागं बघितलं. पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. वर्षभरात त्यांच्या माणसाचं नाव तरी कुणी काढलं होतं?

दुपारी कडजाईदेवीच्या डोंगराची चढण सुरू झाली. तिथली रीत सम्राटनं पायथ्यालाच सांगून ठेवली.

"आईचा गुलाल आपला आपण लावायचा न्हाय. घरच्या माणसानं पाठीवर हात उमटवायचा. उतरताना मागं वळून बघायचं न्हाय, आन् खाली आल्यावर 'चला घरी' म्हणायचं. म्हटल्याबिगार ते हात उमटवणारं माणूस घरी येत न्हाय."

सगळे हसले. निशिगंधाबाई सगळ्यांच्या मागं राहिल्या.

चढताना त्यांच्या मागं पाचोळा वाजत होता. त्या थांबल्या की थांबायचा. विजयसिंहांच्या कपड्यांना जन्मभर उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑइलचा वास. तो काही येत नव्हता. रानवाऱ्यानं जात असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

देवळात जोड्या एकमेकांच्या पाठीवर गुलालाचे हात उमटवत होत्या. निशिगंधाबाई कठड्याशी जाऊन दरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पाठीवर हात टेकला.

चांगला भरदार, सावकाश. गार.

त्यांनी वळून बघितलं नाही. सबंध उतार त्या बोलत होत्या. पोरगा फोन करत नाही, कळंब्याच्या घरात भिंती खायला उठतात, सगळं सांगितलं. मागचा पाचोळा ऐकत होता.

पायथ्याला त्यांनी हळूच म्हटलं, "चला घरी."

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या. दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. गॅसवर दोन कप चहाचं आधण ठेवलं आणि मग पांढरा स्वेटर उतरवून उजेडात धरला.

उजव्या हाताचा ठसा होता. स्पष्ट, लालगुलाबी.

विजयसिंहांची उजवी तर्जनी लेथ मशीनवर अर्धी तुटली होती. लग्नाआधीच. त्या अर्ध्या बोटाशी चाळा करतच निशिगंधाबाईंना झोप लागायची.

ठशाची पाचही बोटं सबंध होती.

बाहेरच्या खोलीत विजयसिंहांची खुर्ची करकरली.

आधण उकळून निम्मं झालं. मग निशिगंधाबाईंनी स्वेटरची घडी घातली, भांड्यात आणखी कपभर पाणी ओतलं आणि साखर किती घालू, असं बाहेर विचारलं.