टाचेचा तुकडा

फोन नाट्यगृहाच्या दारवानाचा होता. "बाई, लवकर या! आमच्या गुरू वरून पडल्यात. हलत नाहीयेत."

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा बाहेर रणरणती दुपार होती आणि रंगमंचावर मिट्ट अंधार. विजेरीच्या झोतात ती दिसली, निष्प्राण. एके काळची नावाजलेली नर्तिका. स्वतःचं नाचणं सोडून इतकी वर्षं दुसऱ्यांना नाचवणारी. तिच्या बरोब्बर वर, दिवे टांगायचा लोखंडी माळा होता. तिथे जायला एकच वाट होती, भिंतीत जडवलेली गोल गजांची उभी शिडी.

"दिवा सरकवायला गेल्या असतील, तोल गेला असेल," हवालदार म्हणाले.

बाई शिडी चढून वर गेल्या. माळ्याचा कठडा त्यांच्या छातीला लागत होता. "पाय घसरला तर माणूस खाली बसतो, हवालदार. कठडा ओलांडून पलीकडे जात नाही. आणि तिच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत."

दारवानाने शपथेवर सांगितलं, आत तिघंच होते. गुरू, त्यांचा धाकटा भाऊ आणि त्यांचे यजमान. भाऊ दिव्यांचं काम पाहायचा. यजमानांना तो दाजी म्हणायचा, म्हणून सगळं नाट्यगृहच दाजी म्हणायचं.

"ऐकलंत काय काय?"

"आधी मोठा आवाज झाला. मग थोड्या वेळाने आणखी एक, बारका. धप्प! मग दाजी ओरडले."

दाजी रंगपटाच्या पायऱ्यांवर बसले होते, घामाने निथळत. उजवी टाच मागच्या बाजूने टरारून सुजली होती. ते स्वतः नर्तक होते. नाचता नाचता त्या पायाची टाचेमागची शीर तुटली, तेव्हापासून कुबडीशिवाय एक पाऊल नाही.

"आवाज ऐकून धावलो. पायऱ्यांवर कोसळलो," ते कण्हत म्हणाले. "तिच्यापर्यंत पोचतासुद्धा आलं नाही हो मला."

हवालदार त्यांची कुबडी शोधून घेऊन आले. ती रंगपटात आरशाशेजारी नीट टेकवून ठेवलेली होती. दाजींना रुग्णालयात पाठवलं.

भावाची मात्र पाचावर धारण बसली होती.

"सकाळी ताईशी भांडलास?"

"हो. ती दौरा रद्द करा म्हणत होती."

"का?"

"म्हणाली, आता मला स्वतः नाचायचंय. मी वैतागलो. इतकी वर्षं आम्ही विनवत होतो, तेव्हा नाही म्हणाली. आणि आज हे कुठून उपटलं?"

"ती पडली तेव्हा कुठे होतास?"

"मागच्या, दिवे चालवायच्या काचेच्या खोलीत. एकटाच. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही."

साक्षीदार नाही, भांडण कबूल. हवालदारांनी त्याला गाडीत बसवलं. "दोघांत एक लंगडा, मग चोर कोण ते सांगायला ज्योतिषी कशाला? गोल गजांची शिडी चढायची तर चवड्यावर भार टाकायला हवा. दाजींना तेच तर जमत नाही."

संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. "तुमच्या माणसाचं टाचेचं हाड मोडलंय. मागचा तुकडा सुटून वर सरकलाय. ऑपरेशन करावं लागेल."

बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा रंगमंच पाहायला गेल्या. पडदा अर्ध्यात अडकला होता. हवालदारांनी दोर दोन्ही हातांनी हिसडला. खाडकन आवाज झाला आणि भिंतीतला आकडा विटेच्या टवक्यासकट बाहेर आला.

"काय चिवट दोर आहे!" हवालदार चुन्याने पांढरे होत म्हणाले. "भिंत फुटली, पण हा तुटला नाही."

बाई जागच्या जागी थबकल्या. मग गाडीकडे धावल्या.

डॉक्टरांनी दोन्ही पायांचे एक्स-रे दिव्यासमोर लावले.

"हा तुकडा कशाने सुटतो?" बाईंनी विचारलं.

"टाचेचं हाड म्हणजे मागे निघालेला दांडा समजा. पोटरी आवळली, की तिची शीर हा दांडा वर ओढते. टाच उचलते, माणूस चवड्यावर येतो. उंचावरून सपाट टाचेवर आदळलात तर हाड खालून चेपतं. इथे चेपलेलं नाही. हा चवड्यावर आदळलाय. पोटरी गच्चकन आवळली आणि शिरेने हाडाचा टवका उपटला."

"आणि शीर आधीच तुटलेली असेल तर?"

"मग उपटणार कोण?" डॉक्टर हसले, आणि लगेच गंभीर झाले. "त्याला जुने टाके आहेत खरे. पण शीर छान जुळलीय. हाडाच्या आत या बारीक रेघा दिसतात? ताण येतो त्या दिशेने हाड घट्ट होतं. वर्षानुवर्षं ओढच नसती तर त्या विरल्या असत्या, पोटरीही वाळली असती. याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. का? तो काय म्हणतो?"

"शीर तुटलीय, कुबडीशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, असं सगळ्यांना सांगतो," बाई म्हणाल्या. "तुमच्याशी मात्र तो हे बोलला नाही."

दाजी खाटेवर पडून होते. बाईंनी खुर्ची ओढली. दारात हवालदार उभे राहिले.

"दाजी, कुबडी रंगपटात आरशाशी होती. घाबरून धावणारा लंगडा माणूस ती नीट टेकवून ठेवत नाही. कुबडी घेऊन शिडी चढता येत नाही, म्हणून तुम्ही ती आधीच ठेवलीत. बायको दिवा सरकवायला वर गेली, तिच्यामागे चढून तिला ढकललंत. घाईने उतरताना गज निसटला आणि तुम्ही चवड्यावर आदळलात. दारवानाने ऐकलेला दुसरा आवाज तो. मग सरपटत पायऱ्यांपर्यंत आलात."

"माझी शीर तुटलेली आहे! सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुटलेला दोर भिंत फोडत नाही, दाजी. तुमच्याच शिरेने तुमचं हाड उपटलं. ती शाबूत आहे. आणि तुमच्या बायकोला हे कळलं होतं. हो ना?"

दाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"परवा वरच्या फळीवरची पेटी काढत होतो," ते अखेर म्हणाले. "चवड्यावर उभा राहून. वळलो तर ती दारात. ओरडली नाही. नुसती हसली... सुटल्यासारखी. म्हणाली, उद्या सगळ्यांना सांगेन, आणि मी जाते. ती गेली असती तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

तासाभरात भावाची सुटका झाली. ठाण्याच्या पायरीवर त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या दिवशी नाचताना ताईची एक मात्रा चुकली होती, म्हणून दाजी पडले. म्हणून तिने नाच सोडला. 'मी एका नर्तकाचा पाय तोडलाय' म्हणायची." त्याने बाईंकडे पाहिलं. "बाई, मरायच्या आधी तिला पक्कं कळलं होतं ना, की तो पाय बरा झाला होता?"

"कळलं होतं," बाई म्हणाल्या. "परवाच. म्हणून तर काल सकाळी ती तुझ्याकडे नाचायचं म्हणत आली."

भाऊ पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. बाई त्याच्या शेजारी बसल्या.