‘ळ’चे खिळे

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या बाबांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे, आणि बाबा भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते.

साल १९७१. गणपती जवळ आले होते. ठिकाण कलकत्ता, बेहाला.

बाबा बँकेतल्या बदलीने तिथे होते. मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम त्यांच्याकडे होतं. त्या संध्याकाळी ते प्रूफ बघायला नीरदबाबूंच्या छापखान्यात गेले.

जिथे जिथे ‘ळ’ हवा, तिथे नुसता काळा चौकोन.

“हे खिळे, ही शिशाची अक्षरं, हिंदीची आहेत. तुमचं हे अक्षर त्यात नसतं,” नीरदबाबू म्हणाले.

“मग गेल्या वर्षी कसं छापलंत?”

नीरदबाबूंनी प्रूफ उलटं करून ठेवलं. मशीन चालवणारा हाराधन हळूच हिंदीत म्हणाला, “मनोहरदांनी पुण्याहून आणले होते. इथे खिळे जुळवायचे ते.”

मनोहर...

होळीच्या सुमारास याच खोलीत कुणीतरी त्याचा गळा चिरला होता. तेव्हा शहरात रोज खून पडत. कुणी सापडलं नाही. तो कोसळला तोही खिळ्यांच्या खणांवरच.

तेव्हापासून ‘ळ’चा खण बंद होता.

“उघडा तो,” बाबा म्हणाले. “लोकांची आडनावं अशी छापून मी कुणाला तोंड दाखवू?”

“नको. राहू द्या,” नीरदबाबू म्हणाले.

बाबांनी स्वतःच खण ओढला.

आतले खिळे... ओले होते.

आणि दिवे गेले.

नीरदबाबू कंदील आणायला बाहेर पळाले. हाराधनने बाबांचा दंड घट्ट धरला.

टक्... टक्... टक्...

अंधारात कुणीतरी खिळे जुळवत होतं.

मग घशातून बुडबुडे यावेत तसा आवाज...

मग मशीन धडधडायला लागलं. ते पायाने चालवायचं मशीन. तिथे कुणीच नव्हतं.

दंडावरची पकड सुटली.

“मला ओढतोय,” हाराधन म्हणाला.

मशीनचा जबडा मिटला. हाडं मोडली.

उघडला. पुन्हा मिटला.

कंदील आला तेव्हा मशीन थांबलं होतं. हाराधनच्या उजव्या पंजाचा लगदा झाला होता. रक्त भिंतीवर उडालं होतं. मशीनमध्ये एक कागद अडकला होता.

सगळे ‘ळ’ जागच्या जागी.

दोघांनी त्याला इस्पितळात नेलं. पहाटे त्याने डोळे उघडले. बाबांकडे बघितलंच नाही. नीरदबाबूंकडे टक लावून अस्सल मराठीत म्हणाला...

“माझा गळा... माझा गळा...”

नीरदबाबू पाठ न वळवता मागे सरकत दाराबाहेर गेले.

ते परत कुणालाच दिसले नाहीत. छापखान्याला कुलूप लागलं.

हाराधनचा पंजा कापावा लागला. तो बरा झाल्यावर बाबा त्याला भेटले. त्याला काहीच आठवत नव्हतं. मराठी तर येतच नव्हतं.

“एकदा म्हण बघू. गळा,” बाबा म्हणाले.

“गला,” तो म्हणाला.

“गळा.”

त्याने पुन्हा जीभ वळवून पाहिली.

“गला.”

बाबा आता थकलेत. पण घरात कुणी सहज “गळा धरलाय” म्हटलं, तरी ते आधी दाराकडे बघतात...