वापरा, धुवा, पालथं ठेवा

दुसऱ्याच्या खरकट्याची ताईला लहानपणापासून किळस, आणि नशीब बघा, पोट चालायचं ते खरकटं निस्तरण्यावरच. लॅपटॉप घेऊन गावोगाव हिंडत नोकऱ्या करणाऱ्यांसाठी तिनं एक दुमजली घर चालवायला घेतलं होतं. वर झोपायच्या खोल्या, खाली कामाची टेबलं आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. माणसं शिकलेली, गोड बोलणारी. पण सिंकमधल्या चहाच्या चोथ्यात कुणाचा केस दिसला की ताई अख्खं सिंक तीन-तीनदा घासायची.

म्हणून तिनं नियम घालून दिला. ज्याची वस्तू त्यानं त्यावर खोलीचा नंबर चिकटवायचा. सामायिक वस्तूंच्या चिठ्ठ्या ती स्वतः लिहायची. मिठाच्या बरणीवर 'आपली', कपांवर 'आपले', कढईवर 'आपली'. आणि फळीवर मोठ्या अक्षरांत पाटी: वापरा, धुवा, पालथं ठेवा.

"उद्या नवऱ्यालाही चिठ्ठी लावशील तू," धाकटी बहीण चिडवायची.

"आधी मिळू तर दे!"

आई गेल्यापासून धाकटी ताईकडेच होती. रात्रभर कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि दिवसा स्वयंपाकघरालगतच्या ताईच्या खोलीत झोपायची. उताणी, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशीच. ताईचं म्हणावं असं माणूस तेवढंच उरलं होतं.

एका सकाळी वरच्या खोलीतला प्रोग्रामर दात घासायचा ब्रश दोन बोटांत धरून खाली आला.

"ताई, हा ओला आहे. मी आत्ता उठतोय."

ब्रशमध्ये भाजीचा हिरवा तुकडा होता. मग त्याच्या शेजारच्या खोलीतल्या अनुवादक बाईंची कपाटातली उशी लाळेनं गार झालेली सापडली. कुणाच्या इअरफोनला पिवळा मळ, आणि तोही मालकाचा नव्हे. नंबर चिकटवलेल्या वस्तूला मात्र कशाचा धक्का लागला नव्हता.

"शी! इतकी शिकलेली माणसं तुम्ही!" ताई कडाडली. तिचा संशय प्रोग्रामरवर होता. त्या दिवशी सगळ्यांनी चपलांपासून चादरींपर्यंत सगळ्याला नंबर चिकटवले.

त्यानंतर अनुवादक बाई नाश्त्याला आल्या त्या तोंडावर हात धरून. सिंकपाशी वाकून त्यांनी दातांतून काहीतरी ओढून काढलं. मांसाचा चावलेला, पांढरा पडलेला तंतू होता.

"मी मांस खात नाही हो, ताई. जन्मात खाल्लं नाही. आणि जबडा असा दुखतोय..."

ताईला तिथंच ओकारी झाली.

दुपारी बाई कामाला बसल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्याच गळ्यावर खोलीचा नंबर चिकटवलेला होता. प्रोग्रामर हसला. दुसऱ्या दिवशी त्याचाही जबडा दुखत होता आणि त्याच्याही गळ्यावर चिठ्ठी होती. मग त्या दोघांना काही झालं नाही. बघता बघता बाकीच्यांच्या गळ्यांवरही नंबर आले. खाली माना घालून सगळे टाइप करत राहिले.

झोपणाऱ्यांत राहिली फक्त धाकटी.

"मी नाही हं असलं काही लावणार. मी काय बरणी आहे?"

"लाव म्हणते ना! मला झोप लागत नाहीये तुझ्या काळजीनं."

"बरं बाई, लाव. पण लिहिणार काय? आपल्या खोलीला नंबर कुठाय?"

ताईचं पेन क्षणभर अडलं. मग सवयीच्या हातानं एक शब्द लिहिला.

"आपली?" धाकटीनं वाचलं.

"मग? परकी आहेस का?" ताईनं चिठ्ठी तिच्या गळ्यावर दाबून बसवली. धाकटी हसत हसतच आडवी झाली.

कितीतरी दिवसांनी ताईला हलकं वाटलं. ती गच्चीवर चादरी वाळत घालायला गेली.

परत आली तेव्हा स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. साबणाची बाटली उघडी होती. स्पंज फेसानं भरलेला. सिंकमध्ये चघळून टाकलेला एक गोळा पडला होता, करडा, अजून कोमट.

घासलं काय होतं?

तिनं फळीवर नजर टाकली. कप कोरडे. कढई कोरडी. सगळ्यांवर तिचंच अक्षर. आपले, आपले, आपली.

ताई खोलीकडे वळली.

"धाकटे?"

खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून थेंब पडल्याचा आवाज येत होता.

धाकटी पालथी होती. कुणीतरी नीट, सरळ ठेवल्यासारखी. डोकं खाटेच्या कडेबाहेर, तोंड उघडं, जमिनीकडे.

श्वास चालू होता.

ताई वाकली. धाकटीच्या तोंडातून पाणी निथळत होतं, आणि त्याला भांड्यांच्या साबणाचा वास येत होता.