तिसरं मत

कुंभकोणमच्या एका रुग्णालयात श्रीविद्या सर्व्हर सांभाळायची. दोन सर्व्हर तिच्या खोलीत होते, तिसरा तिरुविडैमरुदूरच्या शाखेत. अतिदक्षता विभागातले, प्रत्येक खाटेची नाडी आणि श्वास दाखवणारे पडदे या तिघांवर चालत. नियम साधा होता. तिघांपैकी निदान दोघांनी ‘मी आहे’ असं मत द्यायचं, नाहीतर सगळं आपोआप बंद. याला कोरम म्हणत.

ऐप्पसी महिन्याच्या पावसात कावेरी शाखेत शिरली. तिसरा सर्व्हर बुडाला. तो उचलायला आत गेलेला शाखेतला तंत्रज्ञ हरिकृष्ण पाणी ओसरल्यावर बुडून मेलेला सापडला, सर्व्हरला कवटाळून. रोज सकाळी फोनवर श्रीविद्याशी घरच्या मराठीत दोन शब्द बोलणारा.

आता उरलेल्या दोघांतला एक पडला तरी सगळं थांबलं असतं. म्हणून चालत्या यंत्रणेतच कोरम बदलायचा होता: मतं तीनऐवजी दोन, आणि प्रसंगी एकावरही चालायची मुभा. भरदुपारी खोलीत दिवा लावावा लागला होता. तिनं आधी सद्यस्थिती पाहिली.

अपेक्षित मतं तीन. हजर तीन.

तिनं शाखेतल्या बालाला फोन लावला. “बाला, तिथलं मशीन कुणी चालू केलंय का?”

“कसं करणार, अक्का? माझ्या पुढ्यात उघडं पडलंय. आत नुसता चिखल. वायरी कधीच काढल्या.”

जुनी नोंद अडकली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तेवढ्यात छतातून झिरपलेलं पाणी बॅटरीवर टपकलं आणि शेजारचा सर्व्हर विझला.

ती धावतच वर अतिदक्षता विभागात गेली. सगळे पडदे चालू होते. विशालाक्षी सिस्टर एका म्हाताऱ्याची सलाईन बदलत होत्या.

“काय गं, एवढी धापा का टाकतेस?”

“काही नाही.”

खाली आली तेव्हा पडद्यावर हजर मतं दोन होती. एक जिवंत सर्व्हरचं. दुसरं शाखेतून येत होतं.

“हरी,” ती हळूच म्हणाली. मग तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली.

बॅटरी बदलून तिनं विझलेला सर्व्हर उठवला. ज्याचं कारण कळत नाही, त्याच्या भरवशावर माणसं ठेवता येत नव्हती. तिनं शाखेचं मत काढून टाकलं. 

अपेक्षित दोन. हजर दोन.

ती बराच वेळ तोंड झाकून रडली.

फोन वाजला. विशालाक्षी सिस्टर होत्या.

“श्रीविद्या, खिडकीजवळची खाट सकाळीच रिकामी झाली. पडद्यावर मात्र तिथं नाडी दिसतेय.”

“वायर काढून बघा.”

“काढली. तरी चाललीय.”

सिस्टर पडद्याजवळ गेल्याचं पलीकडून ऐकू आलं.

“श्वासाची रेघ तेवढी सरळ आहे.”