गार भट्टी

भट्टीच्या पत्र्यावर डबे तापवायचे, ही आमच्या बारामतीच्या कारखान्यातली जुनी पद्धत. लोखंडाचे ठोकळे लालभडक करणारी गॅसभट्टी. सकाळी तिच्या अंगावर डबा ठेवला की दुपारी कालवण चटका देणारं. मला ते बघवायचं नाही. मी तिथला ऊर्जाबचतीचा इंजिनिअर. "अरे, ही बाहेर येणारी धग म्हणजे वाया गेलेला गॅस आहे," हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी भट्टीला आतून उष्णता अडवणाऱ्या विटांचं नवं अस्तर घालून घेतलं. उष्णता आत कोंडली, गॅस कमी लागायला लागला आणि मी जाम खूश झालो.

माझे दाजी सिद्धू, म्हणजे धाकट्या बहिणीचे, सारजाचे मालक, त्याच भट्टीवर. नोकरी मीच लावून दिलेली. रोज सणसरहून मोटारसायकलवर यायचे.

"शंभूराव, डबा उलटा गार झालाय की," एक दिवस ते म्हणाले. झाकण काढलं, तर मटणाच्या रश्श्यावर पांढरी चरबी थिजलेली. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं.

मी पत्र्याला हात लावला. आत हजार अंशांच्या वर जाळ आणि बाहेरून भट्टी माठासारखी गार. छे! अस्तर कितीही भारी असलं तरी पत्रा शेडमधल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला, तर पडद्यावर पत्रा निळा, म्हणजे गार. तो बिघडला असेल म्हणून दुसरा मागवला. त्यानंही तेच दाखवलं.

पण उन्हाळ्यात गार भिंत मिळाल्यावर कोण सोडतंय? दाजी तिला पाठ टेकून जेवायला लागले, दुपारची डुलकीही तिथंच काढायला लागले. ते टेकले की गॅस किती जळतोय ते दाखवणारा काटा खाली यायचा. उठले की वर जायचा. योगायोग म्हणून मी सोडून दिलं.

मग सारजाचा फोन आला.

"दादा, ह्यांचं अंग लई गार लागतंय रं. चार वाकळा घातल्या तरी ऊब न्हाय. डॉक्टर म्हणतोय, काय झालं न्हाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कॅमेरा दाजींकडं वळवला. पडद्यावर भट्टीची भिंत निळी दिसली. दाजीही तेवढेच निळे. माणूस घास चावत होता, माझ्याकडं बघून हसत होता, आणि पडद्यावर नुसता पत्रा.

मॅनेजर हिंदुराव साहेब शेजारीच उभे होते.

"त्यांना इथून हलवतो," मी म्हणालो.

"कशाला? बसू द्या की. काटा बघा कसा उतरलाय."

"अहो, माणूस आहे तो, वीट नव्हे!"

"विटेपेक्षा बरं काम करतोय," साहेब म्हणाले, आणि दाजींना बसायला सतरंजी मागवली.

माझं डोकंच फिरलं. दाजींना दंडाला धरून उठवलं. तो इतका गार, की हातात धरवेना.

"राहू द्या की शंभूराव," ते पुटपुटले. "हितं बरं वाटतंय."

तसंच गाडीत घातलं आणि थेट सणसर गाठलं. माझी नोकरी गेली तरी चालेल, सारजाचा माणूस जाता कामा नये.

अंगणात भर उन्हात बाज टाकली. सारजा त्यांचे हात चोळायला लागली. तिची सासू तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन त्यांचे पाय चोळत बसली. हळूहळू दाजींच्या ओठांवर रंग आला.

"भूक लागलीया," ते म्हणाले.

सारजा रडता रडता हसली. मलाही हुंदका आवरेना. वाचला एकदाचा!

तेवढ्यात हिंदुराव साहेबांचा फोन आला.

"शंभूराव, मानलं बुवा तुम्हाला! दाजींना नेलंत, म्हटलं आता काटा चढणार. तर आणखी खाली आला की हो! असा कधीच आला नव्हता. केलंत तरी काय?"

मी फोन कानाला तसाच धरून अंगणात बघत राहिलो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऊन लख्ख पडलेलं.

सासूनं नातीला पदराखाली ओढून घेतलं.

"दादा," सारजा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आज ऊन पडलंच न्हाय व्हय रं?"