नाव बदलण्याची पद्धत

मांजरसुंब्याला रुद्राणीची बस बंद पडली आणि केजहून आलेल्या दुसऱ्या बसमध्ये तिला चढावे लागले. साल दोन हजार एक, पौषातली सकाळ. देशाची दारे उघडून दहा वर्षे झाली, असे वर्तमानपत्रे अभिमानाने लिहीत होती. या बसचे दार मात्र वाहकाने लाथ घातल्याखेरीज उघडले नाही. आत एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर चादरीत गुंडाळलेले एक खोके ऐसपैस बसले होते.

"हे उचला. माणसांना बसायचंय."

खोक्याच्या मालकाने वर पाहिले. केसांत, भुवयांत कापसाचे बारीक तंतू, आणि त्यांखाली विलक्षण शांत डोळे.

"उचलतो की. पण धक्का लावू नका, पेशंट हाय."

चादरीखालून कॉम्प्युटरची वायर लोंबत होती. हा योगीराज. युसूफ वडगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा. त्याच्या कॉम्प्युटरला कालपासून गोदामाचा सर्व्हर सापडत नव्हता.

"म्हणून तुम्ही कॉम्प्युटर उचलून बीडला निघालात? फोन का केला नाही?"

"पेशंट घरी ठिवून दवाखान्यात जाता येतं का?" तो म्हणाला. "आन् फोनवर तिथली बाई लई रागानं बोलती म्हणतेत."

"ती बाई मीच."

योगीराजने खोके मांडीवर घेतले, खिडकीकडे सरकला आणि हलकेच म्हणाला, "तसं काय वाटत न्हाई…"

दोघे एकाच कंपनीत होते. कंपनीतल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे ठेवतात. आणि कोणत्या नावाचा कोणता पत्ता, हे विचारणाऱ्याला सांगायला एक वेगळा सर्व्हर असतो. बीडच्या मुख्य कचेरीतला तो सर्व्हर रुद्राणी सांभाळी. मालकांनी त्याची खोली थंड ठेवली होती आणि दारापाशी चपला काढण्याची आज्ञा लावली होती. माणसांसाठी पंखा मागितला, तेव्हा मात्र त्यांना काटकसर आठवली होती.

कचेरीत पोचल्यावर अर्ध्या तासात रुद्राणीला दोष सापडला. पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब द्यावे लागते. ते राहिले, तर सर्व्हर नाव अपुरे समजतो आणि त्याला कंपनीचे नाव पुन्हा एकदा जोडतो. काल गोदामाची नोंद बदलताना तिचे टिंब राहिले होते. लपवणे सोपे होते. ती म्हणाली, "तुमचा कॉम्प्युटर धडधाकट आहे. चूक माझी. एक टिंब राहिलं."

"म्हंजे एक टिंब न्यायला मी हे धूड घेऊन आलतो?"

"हो."

"मग द्या कागदावर. जपून नेतो."

तिने खरोखरच कागदावर टिंब काढून दिले, आणि तो गेल्यावर बराच वेळ उगाचच हसत राहिली.

पुढे कोणता कॉम्प्युटर कोणते नाव विचारतो याची यादी ती सकाळी चाळी, तेव्हा तिला एक चमत्कार दिसू लागला. वडगावच्या काट्यावरून रोज दहाच्या ठोक्याला एक नाव विचारले जाई — रुद्राणी. आणि सर्व्हर निर्विकारपणे कळवी, की अशा नावाचे येथे काही नाही.

आठव्या दिवशी तिने फोन लावला.

"तुमचा कॉम्प्युटर भलतंच नाव विचारतोय."

"मशीन हाय. कायबी विचारतं."

"रोज दहालाच?"

"टायमाचं पक्कं हाय." जिनिंगच्या घरघरीत त्याने फोन तोंडाशी धरला. "पन रोज नकार येतो, मॅडम. लई वाईट वाटतं त्याला…"

"नोंद अशी होत नसते. घरी विचारावं लागतं. चौसाळ्याला, आप्पांना."

आप्पा म्हणजे तिचे वडील, विश्वेश्वरअप्पा. चौसाळ्यात त्यांचे भुसाराचे दुकान. पंधरा दिवसांत योगीराज आईला घेऊन रीतसर आला. त्याची आई भिवराबाई प्रेमळ होती. रुद्राणीचा हात तिने सोडलाच नाही. चहा पिता पिता म्हणाली, "आमच्यात सुनंचं नाव बदलतेत, बाई. ताटात तांदूळ घ्यायचे, नवऱ्यानं आंगठीनं लिहायचं. इजयमाला काढून ठिवलंय मी."

विश्वेश्वरअप्पांनी मान डोलावली. चोवीस वर्षे ज्या नावाने मुलीला उठवले, ते पुसण्याला त्यांनी चहाच्या एका घोटाएवढाही वेळ लावला नाही. या समाजात गुराचेसुद्धा नाव विकत घेणारा तसेच ठेवतो. योगीराज पोह्यांतले शेंगदाणे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला फोन केला. "तुमचं काय म्हणणं?"

"तुमीच सांगितलंवतं," तो चाचरत म्हणाला, "एका यंत्राला दोन नावं देता येतेत. दुसरं टोपणनाव. घरी इजयमाला, बाकी समदीकडं रुद्राणी…"

"टोपणनाव मूळ नावावर टेकलेलं असतं, योगीराज. तांदळात टोपणनाव लिहीत न्हाईत. तिथं मूळच पुसतेत." रागात तिची औरंगाबादेत कमावलेली भाषा गळून पडली. "मला तुमी आवडता. पन नाव देऊन न्हाई."

तिने फोन ठेवला. सहा दिवस यादीत दहाची ओळ आली नाही. सातव्या दिवशी थंड खोलीच्या दारात चपला काढल्याचा आवाज झाला.

योगीराज उभाच राहिला. "आईला म्हणलं, नाव बदलायचीच पद्धत हाय, तर माझं बदल. ती म्हणली, तुझं कावून? काट्यावर, बाजारात, समदे तुला योगीराज म्हणून वळखतेत. मी म्हणलं, तिलाबी वळखतेत की. दोन दिस जेवली न्हाई माझ्यासंगं."

"मग?"

"मग म्हणली, राहू दे. पन रुद्राणी म्हणताना जीभ आडखळती. मी रुदी म्हणीन."

रुद्राणीने विचार केला. "आईंनी म्हणायला हरकत नाही. आणि पोहे खात गप्प बसणाऱ्यांनी?"

"त्या दिशी भ्यालो. आईला न्हाई… मधी बोललो तर सोयरीकच मोडंल म्हणून." त्याने शर्टावरचा तंतू काढला आणि हातातच ठेवला. "मला पुरं नाव पाहिजे. एकदा तोंडावर म्हणून बघू का?"

"बघा."

शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला होता. तिथली मंडळी कान देऊन ऐकत आहेत, हे दोघांनाही कळत होते.

"रुद्राणी," तो म्हणाला. सावकाश, एकही अक्षर न गाळता.

"हं," ती म्हणाली, आणि बसायला खुर्ची पुढे केली.