दुपारचा वन्स मोअर

अकोल्यात चैत्र संपला की रस्त्यावर माणूस दिसत नसे. चुकून दिसलाच, तर लोक नाव विचारायच्या आधी भोवळ आली का ते विचारत. शहर जमिनीखाली जाऊन अकरा वर्षं झाली होती. खाली चोवीस अंश, वर एकावन्न. वरचं ऊन खालच्यांच्या विस्मरणात जाऊ नये म्हणून दर वैशाखात ‘तलखी’ नावाचा कलामहोत्सव भरे. उन्हाची चित्रं, उन्हाची शिल्पं, उन्हावरच्या कविता. सगळं गारव्यात.

यंदा गर्दी खेचत होता तो ‘दुपार’ हा प्रयोग. भुयारी नाट्यगृहात, बरोबर बारा वाजता. नट एकच, शौनक. तो वर उन्हात राबणाऱ्या बाईची गोष्ट सांगे आणि शेवटची तीन मिनिटं गप्प बसे. त्या तीन मिनिटांत प्रेक्षकच ती बाई होत. प्रत्येकाच्या मानेवर बोटभर रुंदीची पट्टी चिकटवलेली असे. एका माणसाच्या नसा मेंदूला जे कळवतात ते यंत्राने टिपायचं आणि अशा पट्टीतून दुसऱ्याच्या मेंदूला जसंच्या तसं कळवायचं, याला अंगछाप म्हणत. अंग टाळूपासून टाचेपर्यंत भाजून निघे, आणि सदऱ्याला घामाचा डागही पडत नसे.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापक विमलताई तायडे तिसरी घंटा स्वतः देत आणि विंगेतून प्रेक्षक मोजत. तो त्यांचा चाळीस वर्षांचा चाळा होता. नऊ प्रयोगांची त्यांची सरासरी अशी: खुर्च्या दोनशे बारा, रडणारे एकशे चाळीस, डोळे मिटून ‘अरेरे’ म्हणणारे साठ, आणि बाहेर पडल्यावर थंडगार आमरस मागणारे दोनशे बारा.

दहाव्या प्रयोगाआधी त्यांनी डॉक्टर वैराळ्यांना गाठलं. अंगछापेचं यंत्र त्यांचंच.

“डॉक्टर, त्या रुखमाला रोज वर काचेच्या खोलीत कशाला भाजता? एकदा टिपून ठेवा की. दर प्रयोगाला आम्ही नवा पडदा शिवतो का?”

“टिपलेलं चालत नाही, ताई. फोनवर पलीकडचा माणूस ‘हं’ म्हणाला नाही तर तुम्ही काय करता?”

“हॅलो हॅलो करते.”

“मेंदूही तेच करतो. चटका बसला की उलट विचारतो, अजून आहेस का? जिवंत अंगाकडून उत्तर येतं. टिपलेली छाप गप्प राहते. तीन सेकंदांत मेंदू तिला खोटी ठरवतो.”

“आणि पत्रिकेत तुम्ही छापलंय, जुन्या उष्णलाटेतली नोंद म्हणून!”

“जिवंत बाई म्हटलं तर कोण खुर्चीवर स्वस्थ बसेल?” डॉक्टर म्हणाले. मग आवाज उतरला. “पण दिवसातून एकदाच. बर्फाने कातडी निवते; आतलं काळीज सहा तास तापलेलंच असतं. त्याच दिवशी दुसऱ्यांदा गेली, तर ती परत येईल असं मी सांगणार नाही.”

रुखमा जिन्याशी उभी होती. वरच्या सौरतावदानांवरची धूळ पुसणाऱ्या बायकांपैकी ती एक. ते काम भर दुपारीही चाले. गेल्या वैशाखात त्या पाळीतल्या तिच्या दोन मैत्रिणी उन्हाने दगावल्या होत्या.

“ताई, तुमी अजून पट्टी लावली नाई.”

“मला घंटा द्यायची असते, बाई.”

“घंटा काय मानेनं देता?” रुखमा हसली. “आज लावा. आज पयल्या रांगीत नगरसभेचे पंधरा जन हायेत. दुपारची पाळी बंद कराची का नाई, थे उद्या ठरवनार हायेत. लागू द्या त्यायच्या मानेले.”

ती चौसष्ट पायऱ्या चढून वर गेली. विमलताईंनी पट्टी लावली.

तीन मिनिटं. विमलताईंना विंगेतला खांब धरावा लागला. त्या दिवशी त्यांनी कुणालाच मोजलं नाही.

मग टाळ्या. आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “वन्स मोअर!”

तो मागच्या रांगांनी उचलला. या नाट्यगृहात वन्स मोअर नाकारल्याची आठवण कुणालाच नव्हती. गाणं असो, स्वगत असो, मागितलं की द्यायचं. शौनकने हात जोडले, वाकला, पुन्हा वाकला, आणि शेवटी घाबरून डॉक्टरांनाच मंचावर ओढलं. यंत्र चालूच होतं; त्यापाशी कुणी उरलं नाही.

विमलताई पुढे आल्या. “ऐका! ही नोंद नाही. वर एक जिवंत बाई असते. तिला आज पुन्हा नाही जाता येणार. तिचा जीव जाईल.”

नाट्यगृह गारठल्यासारखं झालं. बऱ्याच जणांचे हात तोंडावर गेले. कुणीतरी हुंदका दिला. तेवढ्यात डोक्याला बर्फाचा टॉवेल गुंडाळलेली रुखमा जिना उतरून विंगेत आली, आणि कुणी बोलवायच्या आत सगळे उभे राहिले. अशी टाळी विमलताईंनी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. नगरसभेच्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “आम्हाला कल्पनाच नव्हती हो! हे तर खरं आहे!”

लोक मंचावर चढले. डॉक्टरांचे हात हातात घेतले, विमलताईंच्या गळ्यात पडले. मागून पुन्हा आवाज आला, “वन्स मोअर!” या वेळी त्यात भक्ती होती.

रुखमाने सगळ्यांकडे पाहिलं. आयुष्यात तिच्याकडून कुणी काही दुसऱ्यांदा मागितलं असेल, तर फक्त काम. “अजून पायजे म्हनतात,” ती शौनकला म्हणाली. “मंग त्यायले चांगलं समजू दे.” तो अजून गर्दीला हात जोडत होता.

गळ्यातले हात सोडवून विमलताई वळल्या तेव्हा विंग रिकामी होती. कपडे बदलायला गेली असेल, असं त्यांना वाटलं. मग मान तापू लागली.

“पट्ट्या काढा!” त्या ओरडल्या. “डॉक्टर, वर चला!” डॉक्टर गर्दीत अडकले होते. प्रेक्षक परत खुर्च्यांवर बसत होते, शहाण्या मुलांसारखे डोळे मिटून. दोनशे बारा मानांपैकी एकाही मानेवरची पट्टी निघाली नाही. टाळ्या थांबल्यामुळे आता यंत्राचा धोक्याचा भोंगा स्वच्छ ऐकू येत होता.

विमलताई एकट्याच जिन्याकडे धावल्या. एकसष्टीचे गुडघे, अंगात दुसऱ्याचं ऊन. दहा. वीस. डोळ्यांपुढे पिवळं झालं. तीस. ओठ तडकल्यासारखे झाले. पट्टी उपटून काढायचं त्यांना सुचलं, पण हात मानेपाशी जाऊन थांबला. पट्टी तापत होती तोवर वर कुणीतरी होतं.

एकेचाळिसाव्या पायरीवर मान गार पडली.

मग पाठ, मग पावलं. आतून पाण्याने धुऊन निघाल्यासारखं. इतकं बरं त्यांना वैशाखात कधीच वाटलं नव्हतं.

खाली दोनशे बारा माणसांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला, आणि टाळ्या सुरू झाल्या.